रैवंताच्या नावाची रास

आमच्या घरी सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो बाबांच्या वाचनाचा आवाज. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि एटापल्लीच्या अलीकडच्या त्या गावात सलग वाचता येणारा मोठा माणूस म्हणजे तेच. त्यामुळे गावात कुठलाही कागद आला की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. सरकारी हुकूम, तेंदूपत्त्याच्या तोडणीची सूचना, दूर कामाला गेलेल्या पोराचं पत्र, कुणी गेल्याचं पोस्टकार्ड, सगळं बाबा शाळेच्या पडवीत उभं राहून वाचून दाखवायचे. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावायचे, चष्मा पुसायचे आणि सुरू करायचे. लग्नाचं असो की मरणाचं, आवाज एकच, सपाट. वाचणाऱ्यानं आपली भर घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी घरी एकदा वाचून घ्यावं, तर तेही त्यांना पटत नसे. कागद सगळ्यांनी एकदम ऐकावा, वाचणाऱ्यानंसुद्धा. पान संपलं की अंगठा जिभेला लावून ते हळूच उलटायचे, आणि शेवटी शेवटचं पान लोकांसमोर धरायचे, खालची सही आणि शिक्का सगळ्यांना दिसावा म्हणून. अक्षर न येणारी माणसंही तो शिक्का निरखून बघायची आणि मगच उठायची.

घर दोन खोल्यांचं, कौलारू. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि आईच्या मनात आलं तर जवसाची चटणी, एवढ्यावर आमचं वर्ष जायचं. आजही कुठे जवस भाजल्याचा वास आला की मला ती चूल दिसते. संध्याकाळी आई बुद्धवंदना म्हणायची, मग धान कांडायला बसायची. घरामागच्या नाल्याकडून चितळाची, वाघाची चाहूल लागली की देतात तशी, एक तुटक हाक आली की तिचं मुसळ वरच्या वर थांबायचं. आणखी एक हाक आली की ती उठून दार लावायची. बाबा म्हणायचे, जनावर आहे, त्याचं ते ओरडतंय. आई तरी दार उघडायची नाही. बाबा देव मानत नसत, भुताखेताचं तर नावच नको. आईही मानत नव्हती. तरी रानात ‘त्यानं’ माणूस नेलेली जागा लागली की ती वाकून एक दगड उचलायची आणि तिथल्या राशीवर ठेवायची. त्या भागात सगळेच ठेवतात. वाघानं जिथं माणूस मारला तिथून जाणारा प्रत्येक जण एक दगड किंवा हिरवी डहाळी टाकून पुढे जातो, आणि वर्षानुवर्षांत तिथं कमरेएवढी रास होते. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. “एकटं पडू नये म्हनून,” आई म्हणाली.

बारावीला मी चंद्रपूरला वसतिगृहात राहिले आणि तिथंच मला छापून येण्याचा रोग जडला. वाचनालयात मासिकं असत. त्यातली नावं वाचता वाचता त्यांच्या जागी आपलं नाव कसं दिसेल हे मी बघत असे. कविता लिहून पाठवायची. परतीच्या पाकिटावर माझ्याच अक्षरातला माझा पत्ता घेऊन त्या परत यायच्या. शहराच्या जुन्या परकोटाच्या आतल्या एका गल्लीतल्या छापखान्यातून एक गृहस्थ दिवाळी अंक काढत, आणि जमलं तर उन्हाळ्यातही एखादा अंक. एकदा धीर करून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या चार कविता उभ्याउभ्याच वाचल्या आणि विचारलं, समुद्र पाहिलाय का? मी म्हटलं, नाही. मग या चारांत तो तीनदा कसा आला, म्हणाले. वर म्हणाले, जंगलातून आलात ना, मग तिथलं काहीतरी आणा; यंदा आम्ही अद्भुतकथांचा विशेषांक काढतोय, घडू शकणार नाही असं काहीतरी लिहा, पण ते घडतंय असं वाटलं पाहिजे. बाहेर येऊन ऑटोत बसले तेव्हा माझे कान तापले होते. अपमान झाला होता, आणि माणूस खरं बोलला होता.

पास होऊन मी गावी परतले. पुढच्या प्रवेशाचं नक्की होईना आणि ते वर्ष घरीच गेलं. दुपारभर मी ओट्यावर वही घेऊन बसे आणि दोन घरं पलीकडची रैवंता हिरडे फोडायला माझ्याशेजारी येऊन बसे. ती माझ्याच वयाची, घरी ती आणि तिची माय, दोघीच. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण जीभ अशी की बाबांनासुद्धा एखाद वेळी उत्तर सुचायचं नाही. काय लिहून राह्यली, असं तिनं विचारलं की मी सांगायची. त्या दिवसांत माझ्या डोक्यात एका राशीची गोष्ट होती. माणूस मेल्यावर रास होते, पण एखाद्या जागी मरण यायच्या आधीच दगड जमायला लागले तर? रोज सकाळी एक, आणि कुणी ठेवलेला नाही. हे ऐकून रैवंताचा हात थांबला. मग तिनं माझी गोष्ट दुरुस्तच करायला घेतली. रास रस्त्यावरच्या बेहड्याच्या झाडाच्या वळणावर टाक म्हणाली, तिथं अजून कुणी मेलं नाही, जागा मोकळी आहे. आणि गोष्टीतल्या बाईचं नाव काय ठेवलं, असं विचारलं तर मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

“मंग माहं टाक,” ती म्हणाली. “माहं नाव आजवर कुठीच लिवलं नाई.”

मी टाकलं. रास ज्या बाईसाठी वाढते आहे तिलाच ते नाव दिलं, कारण ते तिथं नेमकं बसलं. शेवट काय आहे ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी एसटीच्या वाहकानं अंकाचं पुडकं आणून दिलं. माझं नाव अनुक्रमणिकेत होतं. आईनं त्या दिवशी गुळाचा भात केला. बाबांनी चष्मा तीनदा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता गावाला पडवीत बोलावलं. आमच्या विमलचं छापून आलं, एवढंच म्हणाले आणि गळ्याचं बटण लावलं. ते कसं वाचत होते हे मला अजून आठवतं, कारण मी खांबाला टेकून एकेक वाक्य मनात त्यांच्यासोबत म्हणत होते. हुकूम वाचावा तसं, सपाट, भर न घालता. बेहड्याच्या वळणावर दगड जमू लागतात. बाया मोजतात. रास गुडघ्याएवढी होते त्या सकाळी आमच्या गावची रैवंता मोहफुलं वेचायला जाते, आणि सोबतच्या बायांना वळणावर तिची टोपली तेवढी मिळते. बाबांनी शेवटचं पान लोकांसमोर धरलं. रैवंता पुढेच बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, आणि आपलं नाव आलं की मागे वळून बघत होती. शेवट ऐकून ती मोठ्यानं हसली, माहं तं कामच झालं म्हणाली. तिची माय मात्र उठून निघून गेली. कुणीतरी विचारलं, ही कवाची गोष्ट हाय? बाबा म्हणाले, कवाचीच नाही, मनानं रचलेली आहे. लोकांनी मान डोलावली. गुरुजी म्हणाले की ते मान डोलावतच असत.

हे लिहिताना मला बाबांचा राग येत नाही, आणि तेव्हाही आला नव्हता. पण एवढं शिकलेल्या आम्हा बापलेकींना एक साधी गोष्ट सुचली नाही. त्या पडवीत, त्या आवाजात, छापलेल्या कागदावरून आजवर जे जे वाचलं गेलं होतं ते ते खरं ठरलं होतं. तोडणी अमुक दिवशी सुरू होणार असं वाचलं की त्या दिवशी ती सुरू व्हायची. अमक्याचा पोरगा गेला असं वाचलं की तो परत यायचा नाही. तिथं गोष्ट आजवर कुणी वाचलीच नव्हती.

आठ-दहा दिवसांनी मी गाडी धरायला वळणावरून चालले होते. बेहड्याच्या बुंध्याशी तीन दगड आणि एक पळसाची डहाळी होती. डहाळी ताजी होती. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं, आणि माझ्याच गोष्टीतलं वाक्य माझ्यासमोर पडलेलं पाहून मी ते दगड पुन्हा मोजले. पुढच्या आठवड्यात नऊ झाले. मी बायजाबाईला विचारलं. गावातली ती जाणती बाई, बायांचा रानात जाणारा घोळका तिच्याच मागे चालायचा. तिनं लपवलं नाही. आम्ही काही वाईट करतो का, म्हणाली; पोरीच्या नावानं एकेक गोटा टाकला तर बिघडतं कुठे, गेल्यावर एकटी पडणार नाही. आवाजात माया होती, आणि त्या मायेचीच मला भीती वाटली. मी बाबांना सांगितलं. ते त्याच दुपारी, शाळा सोडून, भर उन्हात वळणावर गेले आणि एकेक दगड उचलून नाल्यात टाकून आले. दोन दिवसांनी तिथं पंधरा होते. रास मोडली म्हणजे आता ती लवकर वाढणार, असं लोक धरून चालले.

रैवंता पहिले काही दिवस हसून घालवत होती. मग हसणं कमी झालं. तिच्या मायनं तिच्याशी बोलणं टाकलं; बोलायची ती फक्त तिला जेवायला वाढताना, आणि वाढायची दुप्पट. मोहफुलं पडायला लागली. फुलं वेचायला बाया घोळक्यानं जातात, बोलत, हाका मारत, कारण आवाज असला की तो दूर राहतो. बायजाबाईच्या घोळक्यानं रैवंताला हाक मारली नाही. ती मागून गेली तर सगळ्या परतल्या. ज्या बाईवर त्याची नजर आहे तिच्यासोबत कोण जाईल? मग एका सकाळी ती एकटीच गेली. नाल्याच्या ओल्या रेतीत पंजे पाहून रिकामी परत आली, आणि ती परत आली हेच बायांना चमत्कारिक वाटलं. पुढे तेंदूपत्ता होता. त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर मायलेकींचं निम्मं वर्ष जायचं, आणि एकटीनं पानं तोडायला जाणं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती माझ्याकडे आली ती ओट्यावर बसलीच नाही.

“आता लिव का मी वापस आली,” ती म्हणाली. “छापून आन. अन् गुर्जीकडूनच वाचून घे.”

मी चार दिवसांत लिहिली. वळणावर टोपली सापडते, पण बाई वाट चुकलेली असते. नाल्याच्या कडेकडेनं ती घरी येते, माय तिला भात वाढते, ती जेवते. मी ती गोष्ट चंद्रपूरला पाठवली आणि सोबत पत्रात सगळं खरं खरं लिहिलं. उत्तर लवकर आलं. तुमच्या पहिल्या गोष्टीची नागपूरपर्यंत चर्चा आहे, ही मात्र गोष्ट झालेली नाही, समजूत घातल्यासारखी वाटते, असं त्यांनी लिहिलं होतं. गावात जे चाललंय ते वाईट आहे, पण त्याला इलाज साहित्य नव्हे. आणि खाली, जाता जाता लिहावं तसं: बाई परत येते हे राहू द्या. पण जी परत आली ती तीच आहे कशावरून? एवढं केलंत तर उन्हाळी अंकात पहिल्या पानापासून छापतो.

सूचना चांगली होती. आज इतकी पुस्तकं लिहून झाल्यावरही मला तेच म्हणावं लागतं, सूचना फार चांगली होती. आई जेवायला तीनदा हाका मारून गेली तोवर माझं शेवटचं पान नव्यानं लिहून झालं होतं. बाई अवकाळी पावसातून भिजून येते. माय धावत अंगणात जाऊन तिला घेऊन येते, ताट वाढते. आणि वाढता वाढता मायला दिसतं की सारवलेल्या ओट्यावर ओली पावलं एकाच जणीची उमटली आहेत, मायची स्वतःची. इतकं नेमकं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. मी आनंदात होते, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणासाठी लिहितेय हे त्या दुपारी मी विसरले होते असंही नाही. अंक आला की पाहू, असं मी मनाला सांगितलं. रैवंतानं विचारलं तेव्हा म्हटलं, लिहिलं, परत येतेस तू.

अंक आला तेव्हा तोडणीला थोडेच दिवस उरले होते. बाबा वाचायला तयार नव्हते. आधीचंच निस्तरलं नाही, म्हणाले. रैवंता ओट्याखाली येऊन उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“विमल, येते ना ती परत?”

“येते,” मी म्हटलं.

त्यांना तेवढं पुरलं. पडवी भरली. दुपार कलली होती आणि गुरं परतत होती. त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाज होता, बाकी काही नाही. रैवंताची माय या वेळी सगळ्यात पुढे बसली होती. बाबा वाचत गेले. बाई नाल्याकडेनं येते इथवर आले, पान संपलं. त्यांनी अंगठा जिभेला लावला, पान अर्धं उचललं, पलीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी पान परत खाली ठेवलं, आणि वाचून झालेल्या पानावर डोळे लावून पुढे बोलायला लागले. बाई घरी आली. मायनं भात वाढला, लाखोळीची डाळ वाढली. तिनं दोनदा मागून घेतलं. मग झोपली. सकाळी बायजाबाईनं तिला हाक मारली, ती सगळ्यांसोबत रानात गेली आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांसोबत परत आली. बाबांनी जन्मात रचलेली ही एकच गोष्ट. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा भर ऐकली. डाळीशी आले तेव्हा तो कापला. मला हुंदका आला. आणि लाज वाटते, पण माझा शेवट वाचला गेला नाही याचंही त्याच वेळी मला वाईट वाटलं. बाबांनी अंक मिटला आणि छातीशी धरला. बायजाबाईनं त्यांना हात जोडले. लोक गुपचूप उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रैवंता दारात आली, डोक्यावर बोचकं, मागे माय. दुपारच्या गाडीनं वरोऱ्याला निघाल्या होत्या; तिचा मामा तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मी म्हटलं, आता कशाला जाता, काल बाबांनी वाचलं की.

“गुर्जीनं शेवटचं पान दाखवलं नाई,” ती म्हणाली.

मी म्हटलं, विसरले असतील.

“पान उचललं, पाह्यलं, अन् खाली ठेवलं. आमाले वाचता येत नाई इमल, पन पाहता येते. साऱ्याइनं पाह्यलं.” तिनं डोक्यावरचं बोचकं नीट केलं. “त्या पानावर मी वापस आली का?”

“आलीस.”

“मंग त्यायनं दडवलं काऊन?”

तिनं वाट पाहिली, आवाज चढवला नाही. शाळेतून पोरांच्या पाढ्यांचा आवाज येत होता, बाबा वर्गात होते. मग मायलेकी वळणाच्या रस्त्यानं गेल्या आणि बायांनी दारातून त्यांच्याकडे पाहिलं, जित्या माणसाकडे पाहू नये तसं पाहिलं. गुरुजींना जे पान वाचून दाखवता आलं नाही त्यावर काय लिहिलं असेल, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवून टाकलं होतं. त्यापुढे बाबांनी पडवीत कुणाचाही कागद वाचला नाही. चष्मा बिघडलाय असं ते सांगत. मला ते कधी रागावले नाहीत. जेवताना एकदाच म्हणाले, मी तुला विचारलं होतं. आईनं त्यांच्या ताटात भात वाढला, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

ती दुसरी गोष्ट गाजली. अनोळखी माणसांची पत्रं आली, नंतर त्या दोन गोष्टी पुढे घालून माझा पहिला संग्रह निघाला, आणि तो काढताना नावं तशीच ठेवू का असं मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. वरोऱ्याहून दोनेक वर्षं मामाकडून काही ना काही कळायचं, मग तेही थांबलं. ती आहे की नाही, मला माहीत नाही. जुना संग्रह कुणाकडे असेल तर त्यात तिचं खरं नाव अजून छापलेलं आहे, वळणाच्या नावासकट. रैवंता हे तिचं नाव नव्हे. आठवणींतलं हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा हात आधी त्या खऱ्या नावावरच गेला. ते खोडून मी दुसरं लिहिलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.